कोरा रकाना

वही मागवाल्याच्या हिशेबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची.
एका बाजूने मीटर, मजुरी, तोटा.
उलट बाजूने मी पाखरं लिहायला घेतली.

पूर्व भागातून दुपारची बार्शी गाडी,
उतरलं की कारंब्याचा माळ.
कुसळं पायजम्यात शिरतात, तशीच घरी येतात.
नरसुबाई एकेक उपटते आणि सांगते, आज बावीस.
मोजायचं वेड आमच्या घरात एकट्याचं नाही.

भोवते येतात उन्हं कलल्यावर,
गवताच्या शेंड्यांना पोट घासत, घाई नसल्यासारखे.
नर राखी, मादी मातकट.
ते जमिनीवर झोपतात हे मला चौथ्या वर्षी कळलं,
तोवर मी बाभळीच चाळत होतो.

नाझनीन आली केगावच्या विद्यापीठातून,
चिमटे, डब्या, नंबरांची लेबलं घेऊन.
पाखरं उठून गेली की पहाटे
त्यांच्या झोपेच्या खळग्यांतून ओकलेल्या गोळ्या वेचायची,
भिजवून उकलायची, सुताचा गुंता सोडवावा तशी:
नाकतोड्याची तंगडी, चंडोलाचं पीस,
उंदराचा एवढासा दात.
काल कोण काय जेवलं ते ती आज वाचते.
मी म्हटलं, पोरी, ही तर चहाडी झाली.

एक मादी मी माझी धरली होती.
उजव्या पंखात एका पिसाची फट,
दर हिवाळ्यात तीच, असं मी सगळ्यांना सांगायचो.
नाझनीन चहा फुंकत राहिली, मग म्हणाली,
काका, पिसं दरवर्षी नवी येतात.
फट तीच राहत नाही.
त्या रात्री भाकरी नीट गेली नाही.
पण पुढच्या कार्तिकात तिनं मोबाईल पुढे केला:
पाठीवर यंत्र बांधलेली एक मादी
कझाकस्तानातून निघून, समुद्र ओलांडून,
पुन्हा याच गवतात, मागच्या जागेपासून
दोन हाका अंतरावर.
माझी नव्हती ती. पण कोणीतरी येतं खरं,
मी अगदीच खोटं बोलत नव्हतो.

मग मी सतरा वर्षांची वही तिला दिली.
परत आली तेव्हा जागोजागी पेन्सिलीच्या खुणा.
'इथं काहीच नाही. गेला नव्हता, की दिसलं नव्हतं?'
काय सांगू?
काही दिवस नरसुबाईच्या ऑपरेशनचे,
काही नुसते हात हलवत परतल्याचे.
वहीत दोन्ही कोरेच.
'न दिसणंही लिहायचं, काका. शून्य घालायचं.'

चाळीस वर्षं मी जकार्डचे पत्ते पाडले.
भोक असलं की धागा वर, नसलं की खाली,
चादरीवरचा मोर दोन्हींनी मिळून होतो.
भोक नाही त्या जागेला
कोणी विसरलेली जागा म्हणत नाही.
आणि हे मला
माळावर येऊन या पोरीनं सांगावं!

आता नवी वही. रकाने तिनं आखून दिले:
भोवत्या नर, मादी, ओळखू न आलेले,
धाविक, पखुर्डी,
सगळ्यात शेवटी माळढोक.
तो मी पाहिला तेव्हा वही नव्हती, लिहिताही येत नव्हतं.
आईनं माझी हनुवटी धरून तोंड वळवलं होतं,
'पेद्द पिट्ट,' म्हणाली, मोठं पाखरू,
आणि ते मान उंच करून आमच्याकडे बघत उभं होतं,
जणू आम्हालाच मोजत.

आज एकोणतीस. राखी अकरा.
अंधारात आकडे दिसत नाहीत, हाताला सवय आहे.
शेवटच्या रकान्यात शून्य काढतो,
वाटोळं, दोन्ही टोकं नीट जुळवून.
गाडीला अजून वेळ आहे.
दुर्बीण पुन्हा डोळ्याला लावतो.